बालवर्गांतील खाऊ आणि खेळणीं

दिवाळी उलटली, खरिपाच्या जोंधळ्याची कापणी झाली आणि कडब्याच्या पेंढ्या गोठ्यापाशीं रचल्या गेल्या, म्हणजे वऱ्हाडांतल्या खेड्यापाड्यांतलीं मुलें एका कामाला लागतात. वाळलेल्या ताटाची साल सोलून काढावयाची, आंतला पांढरा, हलका गाभा निराळा करावयाचा, सालीच्या कामट्या त्यांत खोंचावयाच्या आणि पाहतां पाहतां बैलगाडी उभी करावयाची. कोणी चष्मा करतें, कोणी तराजू. हें कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. थोरलें भावंड करतें आणि धाकटें पाहतें. त्याच वेळीं घरांत चुलीपाशीं दुसरी एक शाळा भरलेली असते. भाकरी थापतां थापतां आई उरलेल्या पिठाचा सुपारीएवढा गोळा जवळ बसलेल्या मुलाच्या हातांत देते. त्याची वेडीवांकडी चानकी होते, ती निखाऱ्यावर भाजली जाते आणि करणाराच ती मोठ्या ऐटीनें खातो.

बालशिक्षणाच्या शास्त्रानें पुढें ज्या गोष्टींना मोठमोठीं नांवें दिलीं, त्यांतील बहुतेक या दोन दृश्यांत आलेल्या आहेत. एक वस्तु खेळावयाची, दुसरी खावयाची. पण दोन्ही मुलाच्या हातांनीं घडलेल्या. घरांतलीं हीं दोन कामें बालवाडीच्या वर्गांत आणावयाचीं झालीं तर तीं कोणतीं साहित्यें घेऊन, कोणत्या मापानें आणि कोणती काळजी बाळगून आणावीं, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं गांव घेतलें आहे तें उमरखेड.

उमरखेड हें यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांतलें तालुक्याचें गांव. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे मराठवाडा लागतो. जमीन काळी, कापसाची. कापूस, सोयाबीन आणि तूर हीं आजचीं मोठीं पिकें. जेथें ओलिताची सोय आहे तेथें ऊंस आणि हळद. जोंधळ्याचा पेरा पूर्वींपेक्षां पुष्कळ घटला आहे, तरी कडब्याचीं ताटें अजून दिसेनाशीं झालेलीं नाहींत. रानांत पळस आहे. वस्ती अनेक समाजांची : कुणबी, बंजारा, आंध, बौद्ध, मुसलमान. कापूस वेचणीचे दिवस आले म्हणजे मजुरी करणाऱ्या आया उजाडतांच शेताची वाट धरतात आणि तीन ते सहा वर्षांचीं मुलें अंगणवाडींत येतात. अशा ठिकाणीं शहरांतल्या बालकवर्गाच्या पुस्तकांतून येणाऱ्या कृति फारशा उपयोगी पडत नाहींत. त्यांत मैदा असतो, भट्टी असते, दुकानांतले रंग असतात, चॉकलेट असतें. उमरखेडच्या वर्गाला लागणारें सामान उमरखेडच्या शिवारांतच पडलेलें आहे. तें पाहण्याची दृष्टि मात्र हवी.

ही दृष्टि महाराष्ट्राला नवी नाहीं. जर्मनींत फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हें नांव दिलें, तेव्हां त्याच्या ठरविलेल्या उद्योगांत मातीकाम होतें, कागदाच्या घड्या होत्या आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोंचून घरें उभीं करणें हाहि एक उद्योग होता. माँटेसरीबाईंनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. पाणी ओतणें, भांडीं धुणें, ताटें मांडणें हीं रोजचीं कामें त्यांनीं शिक्षणाचा भाग मानलीं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें, ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें ताराबाईंना आढळलें कीं माँटेसरीचीं किंमती साधनें खेड्याला परवडणारीं नाहींत. म्हणून १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं त्यांनीं ग्रामीण मुलांसाठीं काम आरंभिलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांच्याबरोबर आल्या. गरीब वस्तींतलीं मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसतांच शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून त्या शाळेची सुरुवात होई आणि दगड, शिंपले, पानें, बिया हींच तिचीं साधनें असत. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हां अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तर तिसऱ्या वर्षापासूनचें शिक्षण शिक्षणाच्या रचनेंतच गोंवलें. शब्द देशभर पोंचला; त्यामागची अंगणांतल्या वस्तूंची विद्या मात्र ज्या त्या गांवानें नव्यानें जमवावी लागते.

आतां प्रत्यक्ष कृतींकडे वळण्यापूर्वीं एक अडचण सोडविली पाहिजे. पुस्तकांतून सर्वांत अधिक आढळणारी हस्तकृति म्हणजे मिठाच्या पिठाचा गोळा : दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, जवळजवळ वाटीभर पाणी आणि चमचाभर तेल. हा गोळा मऊ होतो, त्याचीं चित्रें सुबक होतात आणि वाळून टणक बनतात, हें खरें. परंतु ज्या घरांत पिठाच्या डब्याचा तळ महिन्याच्या अखेरीस दिसूं लागतो, त्या घरच्या आईनें आपलें मूल दोन वाट्या कणकेचे ससे करून फेंकून देतांना पाहिलें, तर तिला काय वाटेल? आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर नमस्कार करण्याची रीत आहे. वर्गानें ती रीत मोडूं नये. दुसरें असें कीं हा गोळा दिसतो कणकेसारखा, पण त्यांतलें मीठ इतकें असतें कीं तो लहान मुलाच्या पोटांत जाणें हितावह नाहीं. खाण्याच्या वस्तूचें रूप घेतलेली न खाण्याची वस्तु मुलापुढें ठेवणें म्हणजे त्याला मुद्दाम चकविणें होय.

यावर तोड सोपी आहे आणि ती आपल्याच घरांत आहे. जें ठेवावयाचें तें मातीचें करावें. जें पिठाचें करावयाचें तें खाण्यासाठींच करावें. वर्गांत दोन परातीं असाव्यात. एक मातीची, एक पितळेची किंवा स्टीलची. मातीच्या परातींतलें कांहींहि तोंडांत घालावयाचें नाहीं आणि धातूच्या परातींतलें कांहींहि वायां जाऊं द्यावयाचें नाहीं. चार वर्षांच्या मुलाला लांबलचक उपदेश समजत नाहीं, परंतु ही दोन परातींची खूण आठ दिवसांत समजते.

पहिल्या परातींतली पहिली कृति अर्थात् मातीची. पोळ्याच्या आधीं आठ दिवस ती सुरू करावी, कारण विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो आणि त्या दिवशीं लहान मुलांचे बैल मिरवतात. उमरखेडची काळी माती या कामाला जरा अवघड आहे. ती ओली असतां फुगते आणि वाळतांना आक्रसते; उन्हाळ्यांत शेताला ज्या भेगा पडतात त्या याच कारणानें. म्हणून नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळतां वाळतां तडकतो आणि मुलाचा हिरमोड होतो. स्वच्छ जागेची माती उन्हांत वाळवून, कुटून, चाळून घ्यावी; तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली नदीची वाळू मिसळावी आणि पिंजलेल्या कापसाचे थोडे तंतु त्यांत कालवावेत. वाळूनें माती कमी आक्रसते, तंतु तिला धरून ठेवतात. पाणी घालून ती रात्रभर ओल्या फडक्याखालीं ठेवावी. बैलाचे पाय आंखूड व जाड करावेत, शिंगें पातळ चिखलानें चिकटवावींत आणि बैल तीन चार दिवस सावलींत वाळवावा. त्यानंतरहि एखादी भेग पडलीच तर ती का पडली हें मुलाला विचारावें. शेतकऱ्याचें मूल बहुधा उत्तर देतें.

दुसरी कृति ताटांची. जोंधळ्याचा गाभा मऊ असल्यामुळें लहान बोटांनाहि तो जमतो. परंतु सालीच्या कडा सुरीसारख्या कापतात, म्हणून सोलण्याचें काम मोठ्या माणसानें करावें. पांच वर्षांवरील मुलांना फ्रोबेलचा वाटाण्यांचा उद्योग देतां येतो. वाटाण्यांच्या ऐवजीं मूठभर हरभरे किंवा सोयाबीन रात्रभर भिजत घालावें आणि सकाळीं त्यांत बारीक कामट्या खोंचाव्यात. चार दाणे आणि चार काड्या यांचा चौकोन. आठ दाणे आणि बारा काड्या यांचें घर. दाणे वाळले म्हणजे काड्यांना आवळून धरतात आणि घर पक्कें होतें. चार वर्षांखालील मुलांच्या हातांत मात्र दाणे देऊं नयेत. ते घशांत किंवा नाकांत अडकतात. त्यांना ओल्या मातीच्या गोळ्या द्याव्यात. येथें दाणे खर्चीं पडतात हें खरें, पण ते मूठभरच असावेत, आणि खेळ संपल्यावर ते बकरीपुढें टाकावेत म्हणजे पहिला नियम मोडत नाहीं.

तिसरी कृति रंगांची. माघ फाल्गुनांत पळस फुलतो. त्याचीं फुलें सावलींत वाळवून ठेवावींत. दोन मुठी फुलें तांब्याभर पाण्यांत रात्रभर भिजवलीं म्हणजे केशरी रंग मिळतो आणि तेंच पाणी उकळलें तर तो आणखी गडद होतो. कडुलिंबाच्या काडीचें टोंक ठेचून कुंचला करावा. हळदीचा खेळ याहून गमतीचा आहे. पेलाभर पाण्यांत चमचाभर हळद कालवून ती जाड कागदाला फांसावी व कागद वाळवावा. मग दुसऱ्या पेल्यांत थोड्या पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यांत काडी बुडवावी आणि पिवळ्या कागदावर अक्षर काढावें. अक्षर तांबूस उमटतें. त्यावर लिंबू पिळलें कीं तें पुनः पिवळें होऊन नाहींसें होतें. हळदीचा डाग पडलेलें लुगडें साबण लावतांच लाल दिसूं लागतें, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलेलें आहे, कारण तेंच. हळदींतलें रंगद्रव्य क्षारांत तांबडें आणि आम्लांत पिवळें होतें. हाच खेळ चुन्यानें अधिक झगझगीत होतो, परंतु तो मोह आवरावा. चुन्याचा थेंब डोळ्यांत उडाला तर डोळा कायमचा अधू होऊं शकतो. तसा प्रसंग आलाच तर क्षणाचाहि विलंब न करतां पुष्कळ स्वच्छ पाण्यानें डोळा बराच वेळ धुवावा आणि मुलाला दवाखान्यांत न्यावें.

कागद चिकटविण्यासाठीं खळ लागते. दोन चमचे पीठ एका वाटीभर पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवून मंद आंचेवर शिजवावें. पारदर्शकपणा आला कीं उतरावें. खळीला कीड लागूं नये म्हणून पुस्तकें बांधणारे तींत मोरचूद घालीत. मोरचूद विष आहे. मुलांच्या खळींत तें कदापि असूं नये. खळ रोजची रोज, लागेल तेवढीच करावी.

विषाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरा केला पाहिजे. बिया आणि फळें गोळा करून त्यांच्या माळा करणें हें मुलांचें आवडतें काम आहे. चिंचोके या कामाला चांगले, अर्थात् मोठ्या मुलांच्याच हातीं. परंतु तांबडी, काळ्या ठिपक्याची गुंज जितकी सुंदर तितकीच घातक. तिचें कवच फुटून आंतलें विष पोटांत गेलें तर जिवावर बेततें. एरंडाची बी, धोतऱ्याचें फळ, कण्हेरीचें फूल, पान व बी हीं सर्व विषारी आहेत. कुंपणाला लावलेला मोगली एरंड, ज्याला कोणी चंद्रज्योत म्हणतात, त्याच्या बिया दाण्यांसारख्या गोडसर लागतात, आणि त्या खाऊन मुलें आजारी पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रांतून वारंवार आलेल्या आहेत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्याला अपाय करते. असें कांहीं मुलाच्या पोटांत गेलें तर घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. मूल आणि ती बी दोन्ही घेऊन दवाखाना गांठावा. शिक्षिकेनें वर्षारंभीं एकदां अंगणवाडीच्या कुंपणाभोंवतीं फेरी मारावी आणि तेथें काय उगवलें आहे हें पाहून ठेवावें. दोन परातींचा नियम मुलाच्या अंगवळणीं पाडण्याचा खरा हेतु येथें कळतो. वर्गांत जें मूल विचारल्याशिवाय तोंडांत कांहीं घालीत नाहीं, तें कुंपणापाशींहि थांबण्याचा संभव अधिक.

आतां दुसरी परात. तिच्यापाशीं येण्यापूर्वीं प्रत्येकानें साबणानें हात धुवावेत, नखें पाहून घ्यावींत. कोणत्या मुलाला कोणता पदार्थ सोसत नाहीं, विशेषतः शेंगदाणा, दूध किंवा गहूं, हें आईला आधींच विचारून ठेवावें. विस्तवाजवळचें काम सर्वस्वीं मोठ्यांचें.

सर्वांत सोपा पदार्थ लिंबाचें सरबत. एक मोठें लिंबू, चार चमचे साखर, चिमूटभर मीठ, दोन पेले उकळून गार केलेलें पाणी. एकानें साखर मोजावी, दुसऱ्यानें पाणी, तिसऱ्यानें ढवळावें. साखर कोठें गेली, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याला उत्तर देण्याऐवजीं चव घ्यावयास सांगावें.

दुसरा दाण्याच्या कुटाचा लाडू. दोन वाट्या भाजलेल्या दाण्यांचें बारीक कूट आणि एक वाटी चिरलेला मऊ गूळ परातींत एकत्र मळावा. दाण्याचें तेल सुटतें आणि लाडू आपोआप वळले जातात. बोराएवढे केले तर पंचवीसतीस होतात. लहान मुलांना अख्खा दाणा देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो, कूटच करावें. श्रावणांत, नागपंचमीच्या सुमारास, जोंधळ्याच्या लाह्या फुटतात. त्या चाळून, न फुटलेले कठीण दाणे काढून, कुटांत मिसळल्या तर लाडू हलका होतो.

तिसरा मोड आलेल्या मुगांचा. सकाळीं मूग भिजत घालावेत, संध्याकाळीं उपसून ओल्या फडक्यांत बांधावेत, दुसऱ्या दिवशीं मोड दिसतात. प्रत्येक मुलाला आपली निराळी पुरचुंडी द्यावी आणि तिच्यावर कोळशानें खूण करावी. चैत्रवैशाखांत मोड लवकर येतात आणि मूग आंबतातहि लवकर. थंडींत एक दिवस अधिक लागतो. हें मोड कच्चे न देतां वाफवून, मीठ लिंबू लावून द्यावेत, कारण ओलाव्यांत रोगजंतूहि वाढतात. मुलाला वाट पाहण्याचा धडा याहून गोड रीतीनें देतां येणार नाहीं.

चौथें लोणी. रुंद तोंडाच्या, घट्ट झांकणाच्या प्लास्टिकच्या बरणींत विरजलेली साय अर्धी बरणी भरून घालावी आणि ती हातोहात फिरवावी. प्रत्येकानें वीस वेळां हलवावयाची आणि पुढच्याला द्यावयाची. वीसपर्यंतचे आंकडे त्यांतच पाठ होतात. थोड्या वेळानें बरणींतला आवाज बदलतो. लोण्याचा गोळा एका बाजूस आणि ताक एका बाजूस होतें. थंडींत थोडें कोमट पाणी, उन्हाळ्यांत गार पाणी घातलें कीं काम लवकर होतें.

पांचवी आणि सर्वांत महत्त्वाची कृति कणकेच्या दिव्यांची. आषाढी अमावस्येला पुष्कळ घरांत गोड दिवे उकडतात. पाऊण वाटी गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा. दोन वाट्या कणकेला चमचाभर तूप व चिमूटभर मीठ लावून त्या पाण्यानें ती घट्ट भिजवावी आणि अर्धा तास झांकून ठेवावी. मग प्रत्येक मुलाच्या हातांत लिंबाएवढा गोळा द्यावा. अंगठा दाबून खळगा करावयाचा, कडेला वातीसाठीं चोंच काढावयाची. ज्याला दिवा नको असेल त्यानें मासा करावा, पक्षी करावा, होडी करावी. तूप लावलेल्या चाळणींत मोठ्यांनीं ते पंधरा वीस मिनिटें वाफवावेत आणि तूप घालून सर्वांनीं खावेत. मिठाच्या गोळ्यानें जें साधतें तें सर्व येथें साधतें : बोटांना वळण, डोळ्यांना आकार, मनाला आनंद. आणि कणीक कोठें फेंकून दिली जात नाहीं. खेळ आणि अन्न यांचें भांडण आपल्या आज्यांनीं केव्हांच मिटविलेलें आहे.

येथवर साहित्याचा आणि मापांचा विचार झाला. परंतु वर्गांत खाऊ करण्याचें खरें कारण याच्याहि पलीकडे आहे. अंगणवाडींत मुलाला पोषक आहार मिळतो आणि तो मिळणें अवश्य आहे. तथापि रोज वाटी पुढें करून उभें राहणें आणि आपल्या हातानें केलेला लाडू दुसऱ्याच्या हातावर ठेवणें, यांत फार मोठें अंतर आहे. पहिल्या वेळीं मूल घेणारें असतें, दुसऱ्या वेळीं देणारें. मजुराच्या मुलाला देणाऱ्याची जागा आयुष्यांत फार उशिरा मिळते, कित्येकांना मिळतहि नाहीं. चवथ्या वर्षीं ती एकदां मिळाली तर तिचा संस्कार कोठें तरी राहतोच. म्हणून एक रीत पाळावी : पहिला लाडू स्वतः खावयाचा नाहीं, तो शेजारी बसलेल्याला द्यावयाचा. आणि एक लाडू घरीं न्यावयाचा. पुष्कळ मुलें तो धाकट्या भावंडासाठीं मुठींत इतका जपून नेतात कीं घरीं पोंचेपर्यंत त्याचा पुनः भुगा होतो.

दुसरें कारण अधिक नाजूक आहे, परंतु तें टाळून चालणार नाहीं. एका परातींत वीस मुलांचे हात पडतात तेव्हां त्या पिठांत बंजाऱ्याचा हात असतो, बौद्धाचा असतो, मुसलमानाचा असतो, आंधाचा असतो आणि ब्राह्मणाचाहि असतो. कोणाच्या हातचें पाणी कोणी प्यावें यावर आपल्या समाजानें पिढ्यान्पिढ्या भिंती उभ्या केल्या. संविधानानें अस्पृश्यता १९५० सालीं कायद्यानें नष्ट केली. मनांतून ती नष्ट होणें हें काम कायद्याचें नव्हे. मोठ्यांना व्याख्यानें देऊन जें होत नाहीं तें मुलांच्या परातींत न बोलतां होतें. एखादी आई वा आजी दारांत येऊन विचारते, "हें कोणाच्या हातचें?" शिक्षिकेनें शांतपणें सांगावें, "सगळ्यांच्या हातचें, तुमच्या मुलाच्याहि." हें उत्तर खरें असतें, म्हणूनच त्याच्यापुढें वाद टिकत नाहीं. तरी कोणी मुलाला उठवून नेलेंच तर रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं त्याची जागा मोकळी ठेवावी. सरबताचा पेला घेऊन बसलेले आपले सोबती त्याला दिसतात, आणि चार वर्षांच्या मुलाला फार दिवस दूर ठेवणें कोणत्याहि आजीला साधत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांत हें ऐकणाऱ्यांना असें वाटेल कीं हा सारा खेड्याचा विचार झाला. आमच्या घरीं ना काळी माती, ना पळस, ना कडबा. परंतु उणीव निराळ्याच ठिकाणीं आहे. शहरांतल्या मुलाला रंगीबेरंगी गोळे, सांचे आणि पेट्या विकत मिळतात. त्याच्या हातीं न येणारी एकच वस्तु म्हणजे खरें काम. स्वयंपाकघरांत तें आलें कीं त्याला बाहेर घालविलें जातें, कारण तें पीठ सांडतें आणि वेळ लावतें. हळद, लिंबू आणि खाण्याचा सोडा प्रत्येक घरांत आहे. दाणे आणि गूळ आहे. आठवड्यांतून एक सकाळ मुलासाठीं ठेवून त्याच्यापुढें स्वतःची एक लहान परात ठेवली, शेजारच्या चार मुलांना, आणि घरांत कामाला येणाऱ्या बाईच्या मुलालाहि, तिच्याभोंवतीं बसविलें, तर उमरखेडचा वर्ग कोणत्याहि गृहांत भरूं शकतो.

शेवटीं पुनः त्या चानकीकडे वळावयास हवें. तिची कड फाटलेली असते, एक बाजू जाड आणि एक पातळ असते, मध्यें बोटाचा ठसा उमटलेला असतो. ती हातांत घेऊन गोल करून देण्याचा मोह मोठ्यांना फार होतो. तो आवरावा. ती जशी झाली तशीच भाजावी, तिचा एक तुकडा मागून घ्यावा आणि चवीनें खावा. पुढच्या वेळीं ती थोडी अधिक गोल होईल.